त्यांच्या घरात नवरा कोण?

गेल्या वर्षी आपल्या वाचनवर्गात अ‍ॅलिस वॉकर या अमेरिकन लेखिकेच्या ‘द कलर पर्पल’ या कादंबरीचे कथानक सांगण्याचे काम माझ्याकडे आले होते. ही कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिची नायिका सीली ही दक्षिणेकडील खेड्यातील एक गरीब, काळी, नवऱ्याचा मार खाणारी बाई. नवऱ्याची जुनी आवडती गायिका शग आजारी पडून तिच्याच घरी येते. सीली तिची शुश्रूषा करते, आणि करता करता तिचा जीव त्या गायिकेवर जडतो. पुढे सीली घर सोडते व पाटलोणी शिवण्याचा धंदा काढते. पुरुषांसाठी आणि बायकांसाठीही! आपल्या शिवणवर्गातील मंडळींना हा भाग विशेष आवडला.

कथानक संपले तेव्हा मंडळातील एका ज्येष्ठ काकूंनी चष्मा पुसत विचारले, “सगळे समजले हो, पण त्या दोघींच्या घरात नवरा कोण?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी परतताना मनात आले की, हा प्रश्न काही हसण्यावारी नेण्याजोगा नाही. काकूंनी तो कुचेष्टेने विचारला नव्हता. जन्मभर त्यांनी जो संसार पाहिला त्यात एक खुर्ची नवऱ्याची आणि एक पाट बायकोचा, आणि उरलेली सगळी व्यवस्था त्यावरून ठरलेली. खुर्चीवर बसणारे माणूसच नसेल, तर पाटाचे काय होते, असे त्यांना विचारायचे होते. मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मिळेल ते वाचीत गेले. स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले.

आधी थोडे शब्दांविषयी. आपल्या जुन्या मासिकांत अमेरिकेतील या लोकांना ‘निग्रो’ असे सर्रास छापले जाई. त्या लोकांनी तो शब्द पुढे स्वतःच टाकला, तेव्हा आपणही तो टाकलेला बरा. मी त्यांना काळ्या स्त्रिया असेच म्हणणार आहे, कारण तो शब्द त्यांनी अभिमानाने घेतला आहे. त्यांच्याशी आपले नाते अगदीच नवे नाही. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना जोतीरावांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ सालीच अर्पण केला होता.

त्या गुलामगिरीपासूनच ही हकीकत सुरू होते. मळ्यावर काळ्या बाईला पुरुषाच्या बरोबरीने कापूस वेचावा लागे, कुदळ मारावी लागे, चाबूकही खावा लागे. नाजूकपणा, लज्जा, घरात राहण्याचा मान हे जे काही त्या काळी ‘बाईपण’ समजले जाई, ते गोऱ्या मालकिणीसाठी राखून ठेवलेले होते. गुलामांच्या लग्नाला कायद्याचा आधार नव्हता. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, आणि मुले तिसऱ्याला विकलेली, असे घडे. पूर्वी गुलाम असलेली सोजर्नर ट्रुथ ही बाई १८५१ साली ओहायोतील अ‍ॅक्रन येथील स्त्रियांच्या परिषदेत उभी राहिली, आणि पुरुषाइतके काम मी केले आहे, मग हक्काच्या वेळी मी कमी कशी, हा मुद्दा तिने तेथे मांडला.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर काळ्या समाजातील सुशिक्षित मंडळींनी, विशेषतः चर्चमधील बायकांनी, एक गोष्ट मनावर घेतली: आपण इतके स्वच्छ, इतके सभ्य, इतके कुटुंबवत्सल राहायचे की गोऱ्यांना बोट ठेवायला जागा उरू नये. त्यांना दोष देववत नाही. ज्यांना लग्नाचाच हक्क नव्हता त्यांना लग्नाचे मोल आपल्यापेक्षा जास्त वाटले तर नवल काय! पण याचा परिणाम असा झाला की, काळ्या बाईवर दोन बाजूंनी दाब आला. बाहेरचे जग म्हणे, तू बाईच नव्हेस. घरचे म्हणत, तू शंभर नंबरी बाई असलीच पाहिजेस. यात जिला बायकांवरच प्रेम करायचे आहे, किंवा झग्यापेक्षा पाटलोण बरी वाटते आहे, तिने जायचे कोठे?

तिला पहिली जागा मिळाली ती गाण्यात. १९२० नंतर ‘ब्लूज’ नावाच्या गाण्यांच्या तबकड्या अमेरिकेत धडाक्याने खपू लागल्या, आणि त्या गाणाऱ्या बहुतेक काळ्या बायकाच होत्या. त्यांतील मा रेनी ही सर्वांची गुरू. तंबूतून, गावोगावच्या जत्रांतून गात आलेली, अंगाने भरदार, गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ घालणारी. १९२८ साली पॅरामाउंट कंपनीने तिची ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ ही तबकडी काढली. गाण्यातील बाई कॉलर-टाय लावून मैत्रिणींच्या संगतीत फिरते आणि लोकांना आव्हान देते की, तुम्ही म्हणता ते असेलही, पण सिद्ध करून दाखवा! कंपनीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली तीही पाहण्यासारखी आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर हॅट, कोट आणि टाय घातलेली एक धिप्पाड बाई दोन नाजूक बायकांशी बोलत उभी आहे, आणि पलीकडून पोलीस पाहतो आहे. बाईने वर कोट घातला असला तरी खाली मात्र घागरा आहे. चित्रकाराला अर्धेच धैर्य झाले असावे!

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की ही गोष्ट चोरून छापलेली नव्हती. काळ्या लोकांच्या घरात, न्हाव्याच्या दुकानात, ती तबकडी उघड वाजत होती. लुसिल बोगन हिने १९३५ साली याच विषयावर आणखी धीट गाणे गायिले. म्हणजे पुरुषी ढंगाने राहणारी, बायकांवर प्रेम करणारी बाई ही काळ्या वस्तीत अनोळखी नव्हती. तिला नावे ठेवीत, तिच्यावर विनोद करीत, पण ती असते हे सर्वांना ठाऊक होते. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या काळ्या चर्चचे धर्मगुरू अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी १९२९ साली व्यासपीठावरून या प्रकाराविरुद्ध झोड उठविली. ज्या गोष्टीवर प्रवचन द्यावे लागते ती गोष्ट पुष्कळ पसरलेली असते, हे आपण आपल्याकडील प्रवचनांवरूनही जाणतोच.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात दक्षिणेकडून लाखो काळी माणसे त्या वेळी येऊन राहिली होती. मजुरी कमी आणि घरभाडे मात्र गोऱ्यांपेक्षा जास्त. तेव्हा महिनाअखेर जवळ आली की भाड्याच्या पैशासाठी घरातच मेजवानी ठेवीत. छापील चिठ्ठ्या वाटायच्या, दारात थोडे पैसे घ्यायचे, आत तळलेले मासे, पियानो आणि नाच. भिशी आणि लग्नघर यांच्या मधला काहीतरी प्रकार म्हणा ना! या मेजवान्या काळ्या समलिंगी स्त्रियांना फार सोयीच्या झाल्या. दारूबंदीच्या त्या दिवसांत गुत्त्यावर धाड पडे. घरात कोण येते आणि कोण कोणाबरोबर नाचते हे पाहायला कोणी येत नसे.

मेबल हॅम्प्टन नावाची एक नर्तकी या मेजवान्यांना जाई. म्हातारपणी तिने आपल्या आठवणी ध्वनिफितीवर सांगून ठेवल्या, त्यात कपड्यांविषयी एक बारकावा आहे. तेथे बायका सूट घालीत, पण पाटलोण मात्र क्वचितच, कारण रस्त्यावरून चालत यावे लागे. ज्यांच्याकडे मोटार असे त्या पाटलोण घालून येत. एवढ्याशा वाक्यात केवढा इतिहास आहे पाहा! मनाजोगता पोशाख करण्याचे स्वातंत्र्यसुद्धा मोटार असणारीला आणि पायी चालणारीला सारखे नव्हते. मेबलला स्वतःला १९२४ साली वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून बेडफर्ड हिल्सच्या तुरुंगात जावे लागले. आपल्याला फसवून पकडले, असे ती अखेरपर्यंत सांगत असे.

त्याच हार्लेममधील ग्लॅडिस बेंटली हिच्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. तिची कथा वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते.

ग्लॅडिसचा जन्म १९०७ साली फिलाडेल्फियात झाला. आई त्रिनिदादची. आईला मुलगा हवा होता. मुलगी झाली हे ऐकून तिने बाळाला हात लावला नाही, आणि पहिले सहा महिने आजीने बाटलीचे दूध पाजून वाढविले, असे ग्लॅडिसने स्वतःच पुढे लिहिले. (हे वाचताना मला अमेरिका फार दूर वाटेना.) नऊदहा वर्षांची असताना ती भावांचे कपडे घालून शाळेत जाऊ लागली. शाळेत हसे झाले, घरी डॉक्टर आणले गेले. सोळाव्या वर्षी ती घर सोडून न्यूयॉर्कला पळाली.

हार्लेममध्ये १३३व्या रस्त्यावरील ‘क्लॅम हाउस’ या जागी पियानोवादक पाहिजे असे तिला कळले. त्यांना पुरुष हवा होता. ही गेली आणि तिने जागा मिळविली. थोड्याच दिवसांत पांढराशुभ्र टक्सेडो, डोक्यावर उंच हॅट, आखूड तेल लावून मागे वळविलेले केस, अशा वेषातील ही लठ्ठ, दांडगी बाई हार्लेमचे आकर्षण होऊन बसली. प्रसिद्ध गाण्यांचे शब्द बदलून चावट करी आणि प्रेक्षकांतील बायकांकडे पाहून डोळे मिचकावी. लँगस्टन ह्यूज हा कवी तिला ऐकायला जात असे. ती रात्रभर न थांबता पियानो वाजवी, एका गाण्यातून दुसऱ्यात जाई आणि पायाने ठेका धरी, असे वर्णन त्याने आपल्या आत्मचरित्रात केले आहे.

आपल्याला रंगभूमीवरील वेषांतराचे वावडे नाही. बालगंधर्वांच्या लुगड्याची आणि अंबाड्याची तऱ्हा आपल्या आज्यापणज्यांनी उचलली, आणि पुरुष बाईहून बाई दिसला म्हणून त्यांचे कौतुकच केले. परंतु नाटक संपले की गंधर्व कोट-टोपी घालून बाहेर येत. ग्लॅडिसचे तसे नव्हते. ती सूट घालूनच रस्त्याने चाले. आपण अटलांटिक सिटीत एका गोऱ्या बाईशी लग्न केले, असेही ती सांगत असे. टाळ्या मिळाल्या त्या वेषाला. राग आला तो वेष न उतरविण्याचा.

दारूबंदी उठली, मंदी आली, हार्लेमचा बहर ओसरला. १९३७ साली ती आईजवळ राहण्यासाठी लॉस एंजेलिसला गेली. तेथे १९४० च्या सुमारास एका क्लबमध्ये पाटलोण घालून गाण्यासाठी पोलिसांचा खास परवाना काढावा लागला. जी गोष्ट तिच्या नावाची ओळख होती तिला आता सरकारी शिक्का लागू लागला. मग आले १९५० नंतरचे दिवस. कम्युनिस्ट आणि समलिंगी यांना एकाच पंक्तीला बसवून हाकलण्याची तेव्हा लाट आली होती. १९५३ साली तर अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी हुकूम काढून समलिंगी लोकांना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची दारे बंद केली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, ‘एबनी’ या काळ्या लोकांच्या लोकप्रिय मासिकात ग्लॅडिसचा लेख आला. मी पुन्हा स्त्री झाले आहे, असा त्याचा मथळा होता. औषधोपचाराने आपण सुधारलो, आपले पुरुषाशी लग्न झाले, असे तिने त्यात सांगितले. ज्याचे नाव तिने नवरा म्हणून घेतले त्याने मागाहून ते नाकारले, ही गोष्ट वेगळी. लेखाबरोबर छायाचित्रे होती. झगा घालून ग्लॅडिस नवऱ्यासाठी केलेला स्वयंपाक चाखून पाहते आहे. ग्लॅडिस पलंगावरची चादर सारखी करते आहे.

भगिनींनो, ही छायाचित्रे मी पुष्कळ वेळ पाहत बसले. आपण रोज पातेल्यात डाव घालून आमटी चाखतो. तेव्हा आपण बाई आहोत याचा पुरावा देत असतो, असे आपल्या मनातही येत नाही. तिला मात्र तो पुरावा छापून द्यावा लागला. तिने हे खरेच मनापासून लिहिले, की पोटासाठी आणि म्हाताऱ्या आईसाठी लिहिले, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. काही लेखक तिला भित्री ठरवितात. मला ते पटत नाही. जिने ऐन तारुण्यात टक्सेडो घालून रस्ता तुडविला तिला भित्री म्हणण्याचा अधिकार घरात बसून लिहिणाऱ्यांना कोणी दिला? अखेरच्या दिवसांत ती धर्मकार्याकडे वळली होती. १८ जानेवारी १९६० रोजी ती वारली, अवघी बावन्न वर्षांची.

ग्लॅडिसचा वारसा पुढे चालला नाही असे नाही. १९५५ ते १९६९ पर्यंत ‘ज्यूएल बॉक्स रिव्ह्यू’ या फिरत्या मंडळीत स्टॉर्मे डेलार्व्हेरी ही सुटाबुटातील सूत्रधार होती. बाकी सारे स्त्रीवेषातील पुरुष आणि ही एकटी पुरुषवेषातील बाई. त्यातली बाई कोणती ते ओळखा, असा सगळा खेळ.

पण रंगभूमीवरच्या दोनचार बायकांवरून काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. सामान्य बायकांचे काय? न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या कारखान्यांच्या शहरात दोन संशोधिकांनी तेथील वृद्ध समलिंगी स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९९३ साली एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले आहे. त्यात १९४० आणि १९५० च्या दशकांतील चाल दिसते. जोडप्यातील एकीने पुरुषी ढंगाने राहायचे, दुसरीने बायकी. गोऱ्या बायका पहिलीला ‘बुच’ म्हणत, काळ्या ‘स्टड’, दुसरी ‘फेम’. गोऱ्या बायका गुत्त्यात जमत. काळ्या पुष्कळशा एकमेकींच्या घरी, कारण गोऱ्यांच्या गुत्त्यात त्यांचे स्वागत होत नसे. आता ही नवराबायकोची नक्कलच झाली, असे कोणीही म्हणेल. मात्र हेही लक्षात घ्यावे की सुटातील बाईला पाहूनच तिच्यासारख्या दुसरीला कळे की आपण जगात एकट्या नाही. आणि रस्त्यावर दगड, शिवी, पोलिसाची काठी पहिल्यांदा तिच्याच वाट्याला येई. कुंकू पाहून जशी बाईची ओळख पटते तशी त्या टायवरून पटे. फरक इतकाच की कुंकवाला कोणी दगड मारीत नाही.

कवयित्री ऑड्रे लॉर्ड हिला ही वाटणी मुळीच मानवली नाही. तिचा जन्म १९३४ चा, हार्लेममधला; आईवडील वेस्ट इंडीज बेटांतून आलेले. १९८२ साली तिने ‘झामी’ हे आत्मकथनपर पुस्तक लिहिले. झामी हा आईच्या कॅरिआकू बेटावरचा शब्द. सखी म्हणून आणि प्रेयसी म्हणून एकमेकींबरोबर राबणाऱ्या बायकांना तेथे झामी म्हणतात. यात नवरा नाही आणि बायकोही नाही, राबणे मात्र आहे, हे मला आवडले. १९५० च्या दशकात ऑड्रे न्यूयॉर्कच्या गोऱ्या मुलींच्या गुत्त्यांत जाई तेव्हा दारावर तिलाच वयाचा पुरावा मागत. आत गेल्यावर अडचण अशी की, सुंदर ‘फेम’ म्हणजे गोरी, हे ठरलेलेच. तेव्हा काळी मुलगी असली की तिने पुरुषी भूमिका घ्यावी, अशी सर्वांची अपेक्षा. म्हणजे मळ्यावर जे घडले तेच पुन्हा! काळी बाई नाजूक असूच शकत नाही. ऑड्रेला दोन्हींपैकी काहीच व्हायचे नव्हते. मग ती कोणत्या टेबलाशी बसणार? काळ्या मैत्रिणींच्या घरगुती मेजवान्यांविषयी लिहिताना मात्र तिची लेखणी सैल होते.

याच बाईला १९७८ साली स्तनाचा कर्करोग झाला व एक स्तन काढावा लागला. कृत्रिम स्तन लावण्यास तिने नकार दिला. तपासणीला गेली असता परिचारिकेने तिला सांगितले की, तुम्ही असे येता त्याने दवाखान्यातील इतरांचे धैर्य खचते! तिने ही हकीकत लिहून प्रसिद्ध केली. आपल्यापैकी कित्येकींच्या घरात हे दुखणे येऊन गेले आहे, म्हणून मुद्दाम सांगितले. ती १९९२ साली गेली.

१९७० नंतर अमेरिकेत स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात आली. तिच्यातील पुष्कळ गोऱ्या समलिंगी स्त्रियांनी ‘बुच’ आणि ‘फेम’ यांना जुनाट ठरविले: पुरुषांची नक्कल सोडा, सगळ्यांनी सारखे साधे कपडे घाला, पुरुषांशी संबंधच तोडा. बॉस्टनच्या काळ्या स्त्रियांनी १९७४ साली ‘कम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह’ नावाचा गट काढला होता. हॅरिएट टबमन हिने १८६३ साली ज्या नदीकाठी सातशेहून अधिक गुलाम सोडविले त्या नदीचे हे नाव. त्यांचे निवेदन १९७७ साली निघाले. त्यात त्यांनी पुरुषांपासून फुटून निघण्याचा मार्ग स्पष्ट शब्दांत नाकारला. वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात आमचे भाऊ आमच्याबरोबर आहेत आणि त्यांच्या पुरुषी वर्चस्वाविरुद्ध आम्ही त्यांच्याशीही झगडतो, अशी त्यांची भूमिका. घरात राहून भांडणारी सून आणि घर सोडून गेलेली सून यांतील हा फरक आहे; आपल्याला समजावून सांगायला नको.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. मिन्यॉन मूर ही समाजशास्त्राची काळी प्राध्यापिका. एकविसावे शतक उजाडल्यावर तिने न्यूयॉर्कमधील काळ्या समलिंगी स्त्रियांत वावरून, त्यांच्या मुलाखती घेऊन संशोधन केले. २००६ साली तिचा एक निबंध आला आणि २०११ साली पुस्तक. तिला असे आढळले की, पोशाखातील ही वाटणी काळ्या समाजात गेलेलीच नव्हती, नवे रूप घेऊन चालू होती. काही बायकी पोशाखाच्या, काही पुरुषी, आणि काही दोन्हींचा मेळ घालणाऱ्या. पुष्कळजणींना आपल्या ढंगाशी ढंग जुळेल अशी जोडीदारीण हवी असे. पण हा झाला पोशाख. घरात काय? मूरबाईंनी मुले असलेल्या जोडप्यांचा संसार बारकाईने पाहून २००८ साली आणखी एक निबंध लिहिला. पाटलोण घालणारी आरामखुर्चीत आणि झगा घालणारी चुलीशी, असे चित्र निघाले नाही. पैसा दोघींनी मिळवायचा, आपापल्या पायावर उभे राहायचे, हा दोघींचा आग्रह. घरकाम मात्र जास्त कोण करी? जी मुलांची जन्मदाती आई, ती. आणि घरकामाबरोबर घरचा कारभारही तिच्याच हाती राही: मुलांचे काय करायचे, घरखर्च कसा भागवायचा, यात तिचा शब्द शेवटचा. ती हे काम मुकाट्याने सोसत नव्हती. सत्तेसाठी ते हातातून सोडीत नव्हती.

हे वाचून मला हसू आले. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून सगळे घर चालविणाऱ्या आपल्या सासवा मला आठवल्या!

हे सर्व आता निर्धास्त झाले आहे, असे मात्र नाही. अमेरिकेत २०१५ साली सर्व राज्यांत समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निर्णय दिला. पण कायदा रस्त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर उभा राहत नाही. ११ मे २००३ रोजी पहाटे न्यूअर्क शहरात साकिया गन ही पंधरा वर्षांची काळी मुलगी मैत्रिणींबरोबर बसथांब्यावर उभी होती. अंगावर सैल, मुलासारखे कपडे. मोटारीतून आलेल्या पुरुषांनी लगट केली, तेव्हा आम्हाला पुरुषांत रस नाही असे मुलींनी सांगितले. त्यावरून झटापट झाली आणि एकाने साकियाच्या छातीत सुरी खुपसली. तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले, त्यात शाळकरी मुली पुष्कळ. मोठ्या वर्तमानपत्रांनी मात्र त्या बातमीला फारशी जागा दिली नाही.

बसथांब्यावरून मेबल हॅम्प्टन पुन्हा आठवते. १९३२ साली बसची वाट पाहत असताना तिला लिलियन फॉस्टर भेटली. दोघींनी छेचाळीस वर्षे एकत्र संसार केला, लिलियन १९७८ साली वारली तोपर्यंत. मेबल लोकांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करीत असे. एका घरच्या मुलीने मोठेपणी न्यूयॉर्कमध्ये अशा स्त्रियांच्या आठवणींचे संग्रहालय काढण्यास हातभार लावला, आणि मेबलने आपली पुस्तके, कागदपत्रे तेथे दिली. मोटारीतल्या पाटलोणीची ती गोष्ट आपल्यापर्यंत आली ती याच मार्गाने. कामवाल्या बाईच्या आठवणी जपून ठेवण्याचे आपल्यापैकी कितीजणींना सुचले असते?

शेवटी रूथ एलिसचे सांगते, कारण तिचा धंदा या स्मरणिकेशी जवळचा आहे. रूथचा जन्म १८९९ चा, इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डचा. तेथे ती एका छापखान्यात काम शिकली. १९३७ साली डेट्रॉइटला आली, आणि मागोमाग तिची मैत्रीण सेसिलीन फ्रँकलिन, जिला सगळे ‘बेब’ म्हणत. दोघींनी घर घेतले आणि पुढच्या खोलीत छापखाना मांडला. कोणाच्या पत्रिका, कोणाच्या जाहिराती, चर्चच्या सोडतीची तिकिटे असे काम येई. त्या काळी बाईने स्वतःचा छापखाना चालविणे ही डेट्रॉइटमध्ये नवलाची गोष्ट होती. १९४६ ते १९७१ पर्यंत शनिवार-रविवारी हे घर काळ्या समलिंगी मुलामुलींचे माहेर असे. गुत्त्यांत त्यांना शिरू देत नसत, घरी सांगण्याची सोय नसे. येथे पियानो होता, पत्ते होते, जेवण होते. कॉलेजात शिकणाऱ्या गरजू मुलांना पुस्तकांसाठी पैसेही त्या घरून मिळत.

त्या दोघींत नवरा कोण, हे कोणी लिहून ठेवलेले मला सापडले नाही. खिळे जुळविणारी कोण, हे मात्र ठाऊक आहे, ती रूथ.

रूथ शंभर वर्षांची झाली तेव्हा, १९९९ साली, तिच्यावर चित्रपट निघाला. घरातून हाकललेल्या समलिंगी मुलांसाठी त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये तिच्या नावाने एक आश्रयगृह सुरू झाले. नाचण्याचा नाद तिने म्हातारपणीही सोडला नव्हता. ५ ऑक्टोबर २००० रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, ती आपल्या घरी झोपेतच गेली.